गुंथर सोन्थायमर

गुंथर-डीत्स सोन्थायमर (इ.स. १९३४ – इ.स. १९९२) हे जर्मन भारतविद्यातज्ज्ञ, हिंदू कायद्याचे अभ्यासक आणि महाराष्ट्रातील लोकदैवतांचे संशोधक होते. धनगर समाजाच्या ओव्या, कथा, यात्रा आणि देवस्थाने यांचे ध्वनिमुद्रण, छायाचित्रण व चित्रीकरण करून त्यांनी मराठी प्रदेशातील मौखिक परंपरेचा मोठा ठेवा जमवला. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या तीन दैवतांवरील त्यांचा जर्मन ग्रंथ इ.स. १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. मेंढपाळांचा धर्म हा शास्त्रग्रंथांतील धर्माचा बिघडलेला अवतार नसून त्याला स्वतःचा इतिहास, स्वतःची भूमी आणि स्वतःची भाषा आहे, हे त्या ग्रंथाने पुराव्यानिशी दाखवले.

जीवन

सोन्थायमर यांचा जन्म दक्षिण जर्मनीतील उल्म या गावी झाला. त्यांचे शिक्षण कायद्याचे. हिंदू कायद्याच्या अभ्यासासाठी ते पुण्यात आले आणि येथेच मराठीशी त्यांचा संबंध जडला. पुढे लंडन विद्यापीठात जे. डंकन एम. डेरेट यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी हिंदू एकत्र कुटुंब या विषयावर प्रबंध लिहिला. एकत्र कुटुंब ही कायदेशीर संस्था म्हणून कशी घडत गेली, याचा शोध घेणारा हा प्रबंध इ.स. १९७७ मध्ये पुस्तकरूपाने आला. डेरेट हे धर्मशास्त्राचे मोठे जाणकार. त्यांच्या हाताखाली तयार झालेला अभ्यासक संस्कृत पोथ्यांतच रमला असता तर त्यात नवल नव्हते.

सोन्थायमर मात्र पोथीतून रानाकडे वळले. त्याचे कारण कायद्याच्या अभ्यासातच सापडते. स्मृतिग्रंथांतील नियम आणि गावात प्रत्यक्ष पाळली जाणारी रूढी यांत अंतर असते, आणि ही रूढी बहुधा कोठेही लिहिलेली नसते. ती सांगणाऱ्याच्या तोंडून ऐकावी लागते. जातपंचायत, देवाचे मानकरी, पालखीचा क्रम, ओटीचा हक्क या गोष्टी कागदावर क्वचितच येतात. पण त्यांवरून वाद मात्र पिढ्यानपिढ्या चालतात. अलिखित नियमांचा हा शोध घेता घेता ते देवाच्या कथेपर्यंत पोहोचले असावेत, असे त्यांच्या लेखनाच्या क्रमावरून वाटते. हायडेलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेत त्यांनी अध्यापन केले. तेथून ते वारंवार महाराष्ट्रात येत राहिले.

धनगरांचा वाडा आणि ध्वनिमुद्रक

पश्चिम महाराष्ट्रातील मेंढपाळ धनगरांचे वर्ष पावसाच्या मागेपुढे फिरते. मेंढीला फार पाऊस सोसत नाही. म्हणून पावसाळ्यात कळप माण, फलटण, खटाव, सांगोला अशा कमी पावसाच्या मुलखात असतात. दसरा-दिवाळीनंतर ते नद्यांच्या काठाने, मावळाकडे किंवा घाट उतरून कोकणाकडे जातात आणि मृगाच्या आधी माघारी येतात. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतो. लेंडीखताच्या बदल्यात धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात. घोड्यावर लादलेला संसार, कोकरांच्या जाळ्या, कुत्री आणि चार-पाच कुटुंबांचा मुक्काम मिळून जो तळ पडतो त्याला वाडा म्हणतात.

या फिरत्या समाजाविषयी इंग्रजी अमदानीत थोडे लिहिले गेले नव्हते. इ.स. १८६८ ते १८७५ या काळात सरकारी पाठबळाने निघालेल्या आठ खंडांच्या छायाचित्रसंग्रहात हिंदुस्थानातील जातीजमातींचे नमुने एकामागून एक मांडलेले आहेत. मुंबईत विल्यम जॉन्सन यांनीही शहरातील नाना जातींच्या लोकांची छायाचित्रे प्रसिद्ध केली होती. एन्थोव्हेन यांचे मुंबई इलाख्यातील जातीजमातींवरील तीन खंड इ.स. १९२० ते १९२२ या काळात आले. या कामांची उपयुक्तता नाकारता येत नाही. पण त्यांतील माणूस बहुधा मुका आहे. त्याला उभे केले आहे, त्याचा पेहराव टिपला आहे, खाली जातीचे नाव घातले आहे. त्याला काय म्हणायचे आहे हे कोणी विचारलेले नाही.

सोन्थायमर यांच्या कामाचे वेगळेपण येथे दिसते. त्यांच्याजवळही कॅमेरा होता, पण त्यासोबत ध्वनिमुद्रक होता आणि मुख्य म्हणजे मराठी भाषा होती. धनगरांच्या ओवीला एक विशिष्ट घडण आहे. गाणारा काही ओव्या म्हणतो, साथीदार त्या उचलतात, मग गाणे थांबवून तोच भाग गद्यात सांगितला जातो आणि पुन्हा गाणे सुरू होते. या गायनाला सुंबरान मांडणे असे म्हणतात. एक कथा रात्रभर चालू शकते. अशा कथेचा चार ओळींत सारांश काढणे सोपे असते, आणि बहुतेकांनी तेच केले होते. सोन्थायमर यांनी कथा सविस्तर उतरवून घेतल्या. गाणे आणि सांगणे यांचा आलटूनपालटून चालणारा क्रम त्यांनी मोडला नाही. एकाच देवाची कथा दोन गावांत दोन प्रकारे ऐकू आली तर त्यांतील मूळ कोणती आणि भ्रष्ट कोणती असा निवाडा न करता दोन्ही दिल्या. सांगणाऱ्याच्या गावाला, त्याच्या कुळाला आणि त्याच्या चराईच्या वाटेला जो भेद महत्त्वाचा वाटतो, तो त्यांनाही महत्त्वाचा वाटत असे.

धनगर स्वतःच्या देवाचा अर्थ स्वतः लावू शकतो, ही त्यांची धारणा होती. आज हे वाक्य साधे वाटेल. पन्नास वर्षांपूर्वीच्या विद्यापीठीय लेखनात लोकदैवतांना ‘क्षुद्र देवता’ म्हणण्याची पद्धत होती आणि आपल्याकडील शिक्षित मंडळीही ती बिनदिक्कत वापरीत, हे लक्षात घेतले म्हणजे तिचे मोल कळते.

तीन देव, एक ग्रंथ

इ.स. १९७६ च्या ग्रंथाचे शीर्षकच तीन देवांच्या नावांचे आहे. पश्चिम भारतातील मेंढपाळांच्या दैवतांचा उगम, इतिहास आणि परिसर हा त्याचा विषय. शीर्षकातील परिसर हा शब्द महत्त्वाचा आहे. देव कोणत्या रानात उभा आहे, तेथे पाऊस किती पडतो, गवत कोणते उगवते, कोणत्या वाटेने कळप येतात, याचा विचार केल्याशिवाय देवाची कथा उलगडत नाही, असे सोन्थायमर मानत. योगायोगाने त्याच वर्षी अरुण कोलटकरांचा ‘जेजुरी’ हा इंग्रजी कवितासंग्रह पुस्तकरूपाने आला. एकाच गडाकडे दोन माणसे दोन दिशांनी पाहत होती.

ग्रंथातील म्हस्कोबाचा भाग करमाळा-परांडा भागातील वाचकांना विशेष जवळचा वाटेल. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातील वीर येथे म्हस्कोबाचे प्रसिद्ध देवस्थान आहे. माघात तेथे देवाचे जोगूबाईशी लग्न लागते आणि यात्रा भरते. हा देव मूळचा वीरचा नव्हे. कमळाजी नावाच्या धनगर भक्तामागे तो सोनारीहून आला, अशी कथा आहे. सोनारी हे काळभैरवाचे ठाणे करमाळा तालुक्याला लागून असलेल्या परांडा तालुक्यात आहे. सीनेच्या खोऱ्यातील देव नीरेच्या खोऱ्यात गेला, तो धनगराच्या पायांनी. अशा कथेला केवळ दंतकथा म्हणून बाजूला सारण्यात मोठी चूक होते, कारण तिच्यात चराईची वाट जपलेली असते. देवाने कोठे मुक्काम केला, कोठे पाणी प्याला, कोठून उडी घेतली ही सारी स्थळे धनगराला पायाखालची असतात.

म्हस्कोबा हा एका बाजूने म्हसोबाशी, म्हणजे शेताच्या बांधावरच्या शेंदूर फासलेल्या दगडाशी जोडलेला आहे आणि दुसऱ्या बाजूने भैरवाशी, म्हणजे शिवाशी. भूत आणि देव यांच्या मधली ही जागा सोन्थायमर यांना फार अर्थपूर्ण वाटे. इ.स. १९८९ मध्ये त्यांनी तिच्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. भुताचा देव होणे ही त्यांच्या मते फसवणूक नाही की उन्नतीही नाही. वस्ती वाढते, रानाचे शेत होते, पुजारी येतो, देऊळ बांधले जाते आणि त्याबरोबर देवाचे नावही बदलते. तरी जुना देव पूर्णपणे पुसला जात नाही. पायथ्याशी, वेशीबाहेर किंवा मागल्या दाराशी तो उभाच असतो.

खंडोबाच्या दोन बायकांची कथा त्यांनी याच नजरेने वाचली. म्हाळसा लिंगायत वाण्याची, बाणू धनगराची. सारीपाटात हरलेला देव धनगरवाड्यावर चाकरी करतो, मेंढरे राखतो, मेलेली मेंढरे जिवंत करून दाखवतो आणि बाणूशी लग्न लावून तिला जेजुरीला आणतो. म्हाळसा तिला घरात घेत नाही. आजही म्हाळसा गडावर देवाजवळ आहे आणि बाणाईचे देऊळ चढणीच्या मध्यावर आहे. सवतींचे हे भांडण वाघ्या-मुरळीच्या जागरणात लोक हसत ऐकतात. सोन्थायमर यांना त्यात बाजारपेठ आणि रान, स्थिर वस्ती आणि फिरता कळप यांचा जुना संबंध दिसला. दोघी एकमेकींना सहन करत नाहीत आणि एकीवाचून दुसरीचे चालत नाही. देवाच्या इतर तीन बायका शिंपीण, माळीण आणि मुसलमान समाजातील सांगितल्या जातात. देव असा साऱ्या समाजांचा जावई झालेला आहे.

वन आणि क्षेत्र

पुढच्या काळात त्यांनी हाच विचार वन आणि क्षेत्र या जोडीतून मांडला. क्षेत्र म्हणजे नांगरलेली, मोजलेली, देवळाची आणि राजाची भूमी. वन म्हणजे गुराख्यांचे, शिकाऱ्यांचे, तपस्व्यांचे रान. मराठीत आपण शेतालाही रान म्हणतो, हा शब्दव्यवहार या संदर्भात पाहण्यासारखा आहे. अनेक प्रसिद्ध देवस्थानांची मुळे वनात आहेत आणि उत्सवाच्या दिवशी देव पुन्हा वनाकडे जातो, शिकारीला निघतो, सीमा ओलांडतो, हे त्यांनी अनेक ठिकाणच्या निरीक्षणावरून दाखवले.

हिंदू धर्माविषयीचे त्यांचे एक मांडणीसूत्र अभ्यासकांमध्ये बरेच चर्चिले गेले. हा धर्म पाच घटकांच्या देवघेवीतून घडतो, असे ते म्हणत. ब्राह्मणांचे कर्म व शिकवण, संन्यास व तप, आदिवासींचा धर्म, लोकधर्म आणि भक्ती हे ते पाच. यांची उतरंड त्यांनी लावलेली नाही. हा निबंध इ.स. १९८९ मध्ये हर्मान कुल्के यांच्यासह संपादित केलेल्या ग्रंथात आला. या विभागणीत लोकधर्म आणि आदिवासी धर्म यांच्यातील रेषा नेमकी कोठे ओढायची, हा प्रश्न उरतोच. धनगरांच्या बाबतीत तर ती रेषा सारखी सरकताना दिसते.

भाषेच्या सीमा त्यांनी मानल्या नाहीत. आपल्याकडचा खंडोबा कर्नाटकात मैलार आणि तेलंगणात मल्लण्णा होतो. आपल्याकडे वाघ्या-मुरळी, कर्नाटकात काळी घोंगडी पांघरलेले गोरव, तेलंगणात ओग्गु कथा सांगणारे कुरुमा हे एकाच परिवारातील भक्त. आपला बिरोबा तिकडे बीरप्पा. सोलापूर जिल्ह्याच्या दृष्टीने हा संबंध नवा नाही. सोलापूरजवळच्या बाळ्याच्या खंडोबाला तिन्ही भाषांचे भक्त येतात, शेजारच्या अणदूर-नळदुर्गाचा खंडोबा दोन गावांत आलटूनपालटून राहतो आणि मंगळवेढ्याच्या हुलजंतीला महालिंगरायाच्या यात्रेत मराठी व कानडी पालख्या एकमेकींना भेटतात. अभ्यासकांच्या नकाशावर मात्र भाषावार प्रांतांच्या रेघा पक्क्या होत्या. सोन्थायमर यांनी त्या ओलांडल्या, याचे कारण त्यांनी विद्यापीठाच्या नकाशाऐवजी मेंढरांच्या वाटा धरल्या होत्या.

वीरगळ हा त्यांच्या आस्थेचा आणखी एक विषय. गावाच्या वेशीला पडलेले हे दगड आपण पुष्कळदा ओलांडून जातो. गुरे पळवणाऱ्यांशी लढताना मेलेल्या वीरांची ती स्मारके आहेत आणि पशुपालकांच्या इतिहासाचे ते लेखी नसलेले दप्तर आहे. एस. सेट्टर यांच्यासह संपादित केलेला स्मारकशिलांवरील त्यांचा ग्रंथ इ.स. १९८२ मध्ये धारवाड व हायडेलबर्ग येथील संस्थांच्या वतीने निघाला.

छायाचित्रे आणि चित्रपट

सोन्थायमर यांच्या दृष्टीने कॅमेरा हे वहीसारखे साधन होते. इ.स. १९८४ मध्ये त्यांनी मल्हारीच्या कथेवर लिहिलेला निबंध याचे उदाहरण आहे. ही कथा संस्कृत माहात्म्यात एका रीतीने येते. देवघरातील टाकांत, लोकचित्रांत आणि यात्रेतील विधींत ती दुसऱ्या रीतीने दिसते. पोथीत मणी-मल्ल दैत्यांचा वध मुख्य, तर टाकावर घोडेस्वार देव, मागे बसलेली म्हाळसा आणि पायाशी कुत्रा. लोकांनी हाताने घडवलेली वस्तू हाही लिखित ग्रंथाच्या तोडीचा पुरावा आहे, हे मान्य केल्यावर ती वस्तू नीट पाहणे आणि नीट टिपणे आलेच. यात्रेत कुत्र्यासारखा भुंकणारा वाघ्या पाहून बाहेरचा माणूस चकित होतो, क्वचित हसतोही. देव शिकारी आहे आणि वाघ्या त्याचा कुत्रा आहे, हे कथेतून समजलेले असले म्हणजे तेच दृश्य वेगळे दिसते. कथा ऐकून मग चित्र घ्यावे, असा हा क्रम आहे.

जर्मन छायाचित्रकार हेनिंग स्टेगम्युलर यांच्यासह त्यांनी पंढरीच्या वारीवर ‘वारी’ हा माहितीपट केला. स्टेगम्युलर यांनी पुढे नामदेव ढसाळ यांच्यासमवेत मुंबईवरही पुस्तक केले. वारी हा विषय सोन्थायमर यांच्या मूळ अभ्यासापासून दूरचा नव्हता. विठ्ठलाचा गोपालक-धनगरांशी असलेला संबंध रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (इ.स. १९८४) या ग्रंथात सविस्तर मांडला, आणि त्या विचाराला सोन्थायमर यांच्या धनगरी सामग्रीचे बळ मिळाले. ढेरे यांचे ‘खंडोबा’ हे पुस्तक तर इ.स. १९६१ चे, म्हणजे सोन्थायमर यांच्या आधीचे. दोघांचे काम एकमेकांना पूरक ठरले. तुकोबांच्या पालखीभोवती काटेवाडीला आजही मेंढ्यांचे रिंगण होते. त्र्यंबकेश्वरहून निघणारी निवृत्तिनाथांची पालखी करमाळा तालुक्यातून जाते, तेव्हा वाटेत दर्शनाला येणाऱ्यांत धनगर थोडे नसतात.

बदलते रान

ज्या वर्षांत हे ध्वनिमुद्रण चालले होते, त्याच वर्षांत रान बदलत होते. इ.स. १९८० मध्ये भीमेवरील उजनी धरण पुरे झाले. त्याच्या फुगवट्याखाली करमाळा, इंदापूर, दौंड, कर्जत या तालुक्यांतील नदीकाठची गावे व जमिनी गेल्या आणि उरलेल्या काठावर ऊस आला. उसाच्या रानात मेंढ्या बसवता येत नाहीत. गायराने आक्रसली, वनखात्याची बंदी आली, रस्त्यांवर वाहने वाढली. मुले शाळेत जाऊ लागली, हे चांगलेच झाले. पण वाड्यावर रात्र रात्र ओव्या ऐकत ती पाठ होण्याची रीत त्यामुळे तुटली. धनगरांच्या दृष्टीने यात लाभ आणि हानी दोन्ही आहेत आणि त्यांचा हिशोब बाहेरच्या माणसाने करू नये. सोन्थायमर यांनीही जुने तेवढे चांगले असा सूर लावलेला नाही. त्यांनी ऐकले ते नोंदवून ठेवले, एवढेच.

या नोंदींचा मालक कोण, हा प्रश्न मात्र विचारावा लागतो. फलटणच्या किंवा माणच्या धनगराने गायलेली ओवी जर्मन विद्यापीठात जपली जाते, जर्मन भाषेत छापली जाते आणि गाणाऱ्याच्या नातवाला ती वाचता येत नाही, ही परिस्थिती बराच काळ होती. ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद अ‍ॅन फेल्डहाऊस यांनी केला आणि तो इ.स. १९८९ मध्ये, म्हणजे मूळ ग्रंथानंतर तेरा वर्षांनी आला. त्यानंतरच भारतातील बहुसंख्य अभ्यासकांना तो वाचता आला.

मृत्यू आणि नंतरचे प्रकाशन

सोन्थायमर इ.स. १९९२ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी जर्मनीत वारले. हाती घेतलेले बरेच काम अपुरे राहिले. खंडोबावरील त्यांचे निबंध इ.स. १९९७ मध्ये फेल्डहाऊस, आदित्य मलिक आणि हाइड्रुन ब्रुक्नर यांनी एकत्र करून प्रसिद्ध केले. धर्म, साहित्य आणि कायदा या विषयांवरील निबंधांचा संग्रह इ.स. २००४ मध्ये, तर त्यांच्या स्मरणार्थ अनेक अभ्यासकांनी लिहिलेला ग्रंथ इ.स. २००५ मध्ये निघाला.

त्यांनी ध्वनिमुद्रित केलेल्या ओव्यांपैकी बिरोबा आणि धुळोबा यांच्या दोन दीर्घ कथा अ‍ॅन फेल्डहाऊस यांनी रामदास आतकर आणि राजाराम झगडे यांच्या सहकार्याने इंग्रजीत आणल्या व इ.स. २०१४ मध्ये प्रसिद्ध केल्या. फितींवरचे शब्द कागदावर उतरवताना जुन्या धनगरी बोलीतील अनेक शब्दांचा अर्थ लावावा लागला आणि त्यासाठी ती बोली जाणणाऱ्या माणसांचाच आधार घ्यावा लागला. गाणे आणि सांगणे यांचा एकाआड एक क्रम त्या पुस्तकातही राखलेला आहे.